त्यागमूर्ती हा शब्द खोडला

आमच्या वाचनालयाची मानपत्रं गेली एकोणीस वर्षं मी लिहितो. मजकूर माझा आणि अक्षरही माझंच. फ्लेक्स आणि डीटीपीच्या काळात मानपत्र हातानेच लिहायचं असा आमच्या कार्यकारिणीचा हट्ट आहे. त्यामागे परंपरा वगैरे आहे असं अध्यक्ष भाषणात सांगतात. खरं कारण एवढंच, की मी पैसे घेत नाही.

अक्षर चांगलं असण्याचं श्रेय नोकरीला. १९७९ साली पाटबंधारे खात्यात ट्रेसर म्हणून लागलो. आताच्या पोरांना ट्रेसर म्हणजे काय ते सांगावं लागतं. इंजिनियर पेन्सिलीने नकाशा काढायचे, आम्ही त्यावर ट्रेसिंगचं मेणकापड पसरून काळ्या शाईत तो उतरवायचा. चूक झाली तर ब्लेडने हलकेच खरवडायची, तीही अशी की कापड फाटता कामा नये. मग त्यावरून नकाशाच्या प्रती, म्हणजे अमोनिया प्रिंट, निघायच्या. तो वास अजून माझ्या नाकात आहे. संडासात फिनेलऐवजी दुसरं काही टाकलं की मला ऑफिस आठवतं, बायको हसते.

तर मानपत्र. पहिली दोन-तीन वर्षं मी मन लावून लिहिली. पुढे माझ्या लक्षात आलं की मानपत्र कुणी ऐकत नाही. सूत्रसंचालक ते वाचत असताना लोक खुर्च्या सरकवतात, फोटोवाला सत्कारमूर्तींना ‘इकडे बघा’ म्हणतो, आणि शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह हे तिन्ही दोन हातांत कसं धरायचं या विवंचनेत सत्कारमूर्ती असतात. मग मी एक वही केली. निःस्वार्थी, कर्तव्यतत्पर, दीनदुबळ्यांचे कैवारी, चंदनासारखे झिजलेले, त्यागमूर्ती. बायकांसाठी ‘माउली’ आणि ‘रणरागिणी’, वयाप्रमाणे. एका वर्षी कुस्तीच्या एका वस्तादांना आणि पुढच्या वर्षी एका डॉक्टरीणबाईंना मी एकच परिच्छेद दिला, फक्त ‘लाल मातीची सेवा’च्या जागी ‘रुग्णसेवा’ घातलं. दोघांच्याही बैठकीत ती फ्रेम अजून लटकते आहे.

यंदा आक्कांचं नाव आलं.

आक्का म्हणजे आमच्या तालुक्यातल्या धरणग्रस्तांच्या आक्का. त्यांचं खरं नाव इथे लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही. धरणाचंही लिहीत नाही. सातारा जिल्ह्यात धरणांना तोटा नाही, कोणतंही धरा. वय सत्त्याहत्तर, शिक्षण चौथी. गाव धरणात गेलं तेव्हा पदरात दोन पोरं. त्यानंतरचं आयुष्य कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर. मोर्चे, ठिय्ये, दोनदा तुरुंग. ‘आधी पुनर्वसन, मगच धरण’ ही घोषणा मी पहिल्यांदा ऐकली ती त्यांच्या तोंडून, ऑफिसच्या खिडकीच्या आत उभा राहून.

आमचा पुरस्कार १० डिसेंबरला असतो. ही तारीख एका जुन्या अध्यक्षांनी धरली, ते वकील होते. १९४८ साली त्या दिवशी पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्या मसुद्याची गोष्ट ते दर वर्षी सांगायचे, आणि आम्ही दर वर्षी चहाकडे बघत ऐकायचो. पहिल्या कलमात आधी होतं, सगळे पुरुष जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत. इंग्रजीत ‘मेन’ म्हणजे सगळे आलेच, असं म्हणणारे तेव्हाही होते. भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता अडून बसल्या. त्या सुरतेच्या, पण मुंबईच्या विधान परिषदेवर निवडून गेलेल्या. ‘मेन’ म्हटलं की बायकांना वगळायला वाट राहते, असं त्यांचं म्हणणं. शेवटी ‘सगळी माणसं’ असं झालं. वकीलसाहेब म्हणायचे, जगातल्या निम्म्या लोकांना या बाईंनी एका शब्दात आत घेतलं. तेव्हा मला ते भाषणातलं वाक्य वाटायचं.

नोव्हेंबरच्या शेवटी मी मसुदा घेऊन आक्कांकडे गेलो. खरं तर मसुदा दाखवायची पद्धत नाही. पण जन्मसाल आणि गावाचं जुनं नाव नक्की करायचं होतं. नव्या गावठाणात त्यांचं घर, पत्र्याचं, पुढे तुळस आणि बाजूला बंद पडलेली पाण्याची टाकी. पुनर्वसित गावाला अठरा नागरी सुविधा द्यायच्या असतात, त्यातली ती एक. टाकी दिली आहे. पाणी कुठे लिहिलंय, असं आक्का म्हणतात.

‘वाचा,’ म्हणाल्या. चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. मी वाचायला लागलो. तिसऱ्या ओळीला त्यांनी हात वर केला.

‘त्यागमूर्ती म्हंजी मी?’

‘हो आक्का.’

‘त्याग कशाचा केला मी?’

मी म्हणालो, जमिनीचा, घराचा, गावाचा. सवयीने म्हणालो.

‘आपल्या हातानं दिलं तर त्याला त्याग म्हणत्यात, भाऊ. माझी जमीन सरकारनं घेतली. घेतलेल्याला त्याग म्हणत न्हाईत. आन् मूर्ती करू नगा मला. मूर्तीला लोक हळदकुंकू लावत्यात, नि कुलूप घालून घरी जात्यात.’

मग त्या उठल्या. गुडघे धरून, भिंतीचा आधार घेत आत गेल्या, आणि खताच्या नायलॉनच्या पिशवीतून एक गुंडाळी घेऊन आल्या. चहाचे कप बाजूला सारून ती उलगडली. अमोनिया प्रिंट. घड्यांवर कापडी पट्ट्या डकवलेल्या, कडा पिवळ्या पडलेल्या. बुडीत क्षेत्राचा नकाशा. गट नंबर, ओढे, जुनं गावठाण, मारुतीचं देऊळ, आणि त्या सगळ्याला वळसा घालून गेलेली पूर्ण संचय पातळीची रेष, म्हणजे धरण भरल्यावर पाणी जिथवर येणार ती.

मी अक्षर ओळखलं. स्वतःचं अक्षर ओळखायला वेळ लागत नाही. ‘३’चा खालचा आकडा मी अजून तसाच वळवतो.

आक्कांनी उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे चौकट असते. आराखडा कुणाचा, तपासला कुणी, मंजूर कुणी केला, आणि सगळ्यात खाली, ट्रेस कुणी केला. माझी आद्याक्षरं, १९८३.

‘तुमास्नी भेटायच्या आधीपासनं मी तुमास्नी वळखते,’ त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. माझ्या डोक्यात मात्र काय काय येऊन गेलं. मी सांगायचा प्रयत्न केला की रेष मी ठरवत नाही, मी फक्त उतरवतो. त्यांनी मान हलवली. ‘म्हाईत हाय. पण ही रेघ लई बारीक काढलीया तुम्ही. कोर्टात हिच्यावरच आम्ही दाखवलं, हे घर आत हाय म्हणून. दुसऱ्या नकाशात रेघ घरावरनंच गेली हुती, कळतच नव्हतं आत का भाईर. ह्यात कळलं. तीन घरं पात्र झाली.’

आयुष्यात मला मिळालेलं मानपत्र म्हणावं तर तेवढंच. पण ते विषयांतर झालं.

मी घरी आलो आणि वही बाजूला ठेवली. माणसाचा सन्मान करताना जग काय लिहितं ते बघावं म्हटलं. सुरुवात बाबा आमट्यांपासून केली, कारण धरण आणि पुरस्कार म्हटलं की मराठी माणसाला तेच आठवणार. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्क पुरस्कार असतो, पाच वर्षांतून एकदा, १० डिसेंबरलाच. १९८८ साली तो बाबांना मिळाला. त्या वर्षीची यादी मी आता पहिल्यांदा नीट वाचली. नेल्सन मंडेला आणि विनी मंडेला. मंडेला तेव्हा कैदेत. एक्वादोरचे बिशप लिओनिदास प्रोआन्यो, आदिवासींसाठी झगडलेले, पुरस्काराआधी काही महिनेच वारलेले. पोलंडचे एक कायदेपंडित. आणि कॅनडाचे जॉन हम्फ्री.

या हम्फ्रींवर मी अख्खी दुपार घालवली. जाहीरनाम्याचा पहिला खर्डा त्यांनी केला. ते संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातले माणूस, म्हणजे एका अर्थाने आमच्याच टेबलावरचे. पण श्रेय बरीच वर्षं फ्रान्सच्या रने कासाँ यांना मिळत राहिलं. त्यांचं काम मोठं होतंच, १९६८ चं शांततेचं नोबेलही त्यांना मिळालं. हम्फ्रींना त्यानंतर वीस वर्षांनी हा पुरस्कार. ट्रेसरला चौकटीत सगळ्यात खालची ओळ मिळते, पण मिळते तरी. सचिवालयातल्या माणसाला तीही नाही.

बाबांकडे वळतो. १९७१ ला पद्मश्री, १९८५ ला मॅगसेसे, १९८६ ला पद्मविभूषण, १९९० ला टेम्पल्टन. मणक्याच्या दुखण्यामुळे त्यांना बसता येत नसे. एक तर उभं राहायचं, नाहीतर आडवं पडायचं. म्हणजे इतके सत्कार झालेल्या या माणसाला सत्काराच्या खुर्चीवर बसताच येत नव्हतं. १९९० साली ते आनंदवन सोडून नर्मदेकाठी कसरावदला राहायला गेले. वर्षाच्या शेवटी सरदार सरोवर धरणाविरुद्ध संघर्ष यात्रा निघाली, गुजरातच्या सीमेवर फेरकुव्याला अडवली गेली, तिथे मेधाताई पाटकर आणि इतर उपोषणाला बसले. १९९१ साली बाबांनी पद्मश्री आणि पद्मविभूषण दोन्ही सरकारला परत केले. आदिवासींना ज्या तऱ्हेने वागवलं त्याच्या निषेधार्थ. त्याच वर्षी नर्मदा बचाव आंदोलनाला आणि बाबा व मेधाताईंना स्वीडनचा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला.

आमच्या ऑफिसात तेव्हा यावर जोरात चर्चा झाली होती. एक साहेब म्हणाले, घ्यायचाच नव्हता तर आधी कशाला घेतला? मी गप्प बसलो, सरकारी नोकर होतो. आज वाटतं, साहेबांचा प्रश्नच उलटा होता. जवळ असलेलीच वस्तू माणूस परत करू शकतो. ज्याच्याकडे पद्म नाही त्याने नदीकाठी काय टाकायचं? आक्कांची तर जमीनही आधीच गेलेली.

दुसरी गोष्ट जी आमच्या साताऱ्याच्या जास्त जवळची आहे, आणि जिच्याबद्दल कमी बोललं जातं. ऐंशीच्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर या मंडळींनी सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावं म्हणून. पैसे कसे जमवले? ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले. मोठमोठे नट-नट्या गावोगाव फिरले. माझ्या साडूंनी तो प्रयोग पाहिलाय. नाटक त्यांना फारसं आठवत नाही, पण डॉक्टर लागूंना विनोदी नाटकात पाहिलं हे ते अजून सांगतात. मला नाव आवडतं, कृतज्ञता निधी. मदत निधी म्हटलं असतं तर देणारा वरच्या पायरीवर गेला असता. कार्यकर्त्याला किराणा लागतो, पोराची फी असते, एसटीचं तिकीट काढावं लागतं, हे ज्यांनी ओळखलं त्यांनी शालीपेक्षा मोठा सन्मान केला. आक्कांच्या ट्रंकेत बत्तीस शाली आहेत, त्यांनी मोजून सांगितलं. नातसुनेच्या बाळंतपणात चार उपयोगाला आल्या. बाकीच्या फार पातळ. सत्काराच्या शाली थंडीसाठी विणलेल्याच नसतात.

(दाभोलकरांना पद्मश्री मिळाली ती २०१४ साली, खुनानंतर पाच महिन्यांनी. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते अठराएक वर्षं झगडले त्याचा अध्यादेशही खुनानंतर चार-पाच दिवसांत निघाला. याच्यावर मला काही लिहिता येत नाही. इथे ब्लेडने खरवडल्यासारखी एक जागा रिकामी सोडतो.)

मग मी पुन्हा आक्कांकडे गेलो. विचारलं, मानपत्रात काय लिहू? त्या म्हणाल्या, ‘कामं लिवा.’ आणि सांगायला लागल्या. सलग साडेतीन तास. मी वर्तमानपत्राच्या मार्जिनवर लिहीत गेलो. पर्यायी जमिनीसाठी भरपाईतली पासष्ट टक्के रक्कम भरण्याची मुदत निघून गेलेल्या खातेदारांसाठी त्या किती फेऱ्या मारत राहिल्या. महाराष्ट्रात १९७६ साली पुनर्वसनाचा कायदा झाला, कोयनेचं पाणी अडलं तेव्हा तोही नव्हता. तो कायदा त्यांनी पोराकडून वाचून घेऊन पाठ केला. लाभक्षेत्रातल्या, म्हणजे धरणाचं पाणी ज्यांच्या शेतीला मिळणार अशा, ज्या गावांची जमीन यांना मिळायची, तिथले लोक काठ्या घेऊन उभे राहिले, तेव्हा त्या मोर्चा न नेता एकट्या गेल्या आणि पाटलाच्या ओट्यावर दोन दिवस बसून राहिल्या. ‘त्यांची बी जमीनच जाणार हुती की. त्यांच्यावर काय म्हणून ओरडू?’ आमच्या पुरस्काराच्या नावात ‘शांतता’ हा शब्द आहे. तो मला एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्या ओट्यावर बसलेला दिसला.

शेवटी म्हणाल्या, ‘जमीन मिळायच्या आधी जी मेली त्यांची नावं लिवा. अकरा हायत.’

मी म्हणालो, आक्का, मानपत्रात दुसऱ्यांची नावं लिहीत नाहीत.

‘मग कागद कशाला मोठा घेता?’

नावं घ्यायची तर बिनचूक हवीत, म्हणून संकलन रजिस्टरची, म्हणजे धरणग्रस्त खातेदारांच्या सरकारी नोंदवहीची, जुनी झेरॉक्स मिळवली. मूळ कागदाबरहुकूम उतरवणं हेच तर माझं काम. आठ रात्री बसलो. हात आता थोडा थरथरतो, म्हणून श्वास रोखून रेघ ओढायची आणि ओळ संपल्यावर सोडायचा. विशेषण एकही नाही. क्रियापदं मात्र भरपूर. बायकोने वाचलं आणि म्हणाली, ‘हे पोलिसांच्या पंचनाम्यासारखं झालंय.’ मला ते कौतुक वाटलं.

१० डिसेंबरला सभागृह भरलं होतं. गावठाणातून तीन जीप भरून माणसं आली होती. प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि लवकर जायचे होते. सूत्रसंचालकाने मानपत्र वाचलं, बरं वाचलं, आणि नावांपाशी येऊन थांबला. ‘वेळेअभावी पुढील नावे वाचत नाही.’ टाळ्या झाल्या. शाल, श्रीफळ, आणि माझी फ्रेम.

आक्का माइकपाशी गेल्या. भाषण केलं नाही. फ्रेम नातीच्या हातात दिली आणि म्हणाल्या, ‘वाच. ऱ्हायलेलं वाच.’

नात नववीत. स्पष्ट वाचत होती. नाव, बापाचं नाव, आडनाव. पाच झाली, सहा झाली. पाहुणे घड्याळ बघायचे थांबले. सातव्या नावाला मागच्या रांगेतून एक माणूस उठला. पन्नाशीचा असेल, टोपी हातात.

‘मधलं नाव चुकलंय.’

सगळे वळले. तो पुढे आला नाही, तिथूनच बोलला. माझ्या वडलांचं मधलं नाव ते न्हवं. सातबाऱ्यावर बरोबर होतं, रजिस्टरात चुकलं. दोन नावं जुळंनात म्हणून वडलांना नऊ वर्षं फिरवलं, आणि मग ते वारले. आता हितं बी तेच आलं.

मी पहिल्या रांगेत बसलो होतो. रजिस्टरातली चूक मी शाईत, सुंदर अक्षरात, काचेखाली उतरवली होती. बरहुकूम.

आक्कांनी मला नजरेने शोधलं. मी उठलो. काय बोलायचं सुचलं नाही, म्हणून त्या माणसापाशी गेलो आणि खिशातलं पेन पुढे केलं. त्याने आमंत्रणपत्रिकेच्या मागे वडलांचं नाव लिहून दिलं. सावकाश, काना-मात्रा बघून. नातीने ते नाव पुन्हा वाचलं, बरोबर वाचलं, आणि मग आठवं.

फ्रेम तेव्हापासून माझ्या टेबलावर आहे. खिळे काढले, काच वेगळी केली. कागद जाड आहे, मेणकापडासारखा सोसत नाही, दोनदा खरवडला तर शाई पसरेल. म्हणून आधी तीन दिवस रद्दी कागदावर सराव केला. काल मधलं नाव काढलं आणि नवं लिहिलं. जवळून बघितलं तर खरवडलेली जागा थोडी पांढरट दिसते. आक्कांना फोन केला, नवीन कागदावर सगळं पुन्हा लिहून देऊ का? त्या म्हणाल्या, ‘नगं. खोडलेलं दिसू द्या.’

काच बसवायला फ्रेमवाल्याकडे जायचं आहे. आज मंगळवार, त्याचं दुकान बंद असतं.